लाभाचं घर

गुरुदास हिंदळेकर मास्तरांना या व्यवहारातून काय मिळायचं होतं, ते आधी मांडून ठेवलेलं बरं. म्हणजे शेवटी कुणाच्या पदरी काय पडलं ते ताडून बघता येईल. पहिलं म्हणजे पुणं. सबंध एक वर्ष, भरपगारी, संगणकाच्या प्रशिक्षणाला. दुसरं, तिथून परतल्यावर जिल्ह्यातल्या शाळाशाळांतून शिकवायला जायचं, म्हणजे आजवर जो 'मास्तर' होता तो 'सर' होणार. तिसरं, नववी ब वर्षभर दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात. आणि चौथं त्यांनी बायकोलासुद्धा धड सांगितलं नव्हतं. रुक्मिणीच्या पुण्यातल्या बहिणीचे यजमान दर मे महिन्यात आंबे खायला यायचे आणि पहिला आंबा संपायच्या आत विचारायचे, "काय मास्तर, तुमच्याकडे दिवसभर वीज असते का हो आता?" त्यांच्याच गल्लीत, जमलं तर समोरासमोर, बिऱ्हाड करायचं आणि रोज सकाळी इस्त्रीच्या शर्टात त्यांच्या गॅलरीखालून संगणकाकडे जायचं.

आणि द्यायचं काय होतं? तसं पाहिलं तर काहीच नाही. एका वहीतल्या चाळीसेक ओळी गाळायच्या होत्या.

ही वही कसली, ते सांगितल्याशिवाय पुढे सरकता येणार नाही.

आचऱ्याहून मालवणला येताना वाटेत जे हायस्कूल लागतं, तिथे शहाऐंशी साली सरकारी योजनेतून एक संगणक आला. एक टीव्ही, एक कळफलक आणि लिहिलेलं साठवून ठेवायला साधा टेपरेकॉर्डर. मुख्याध्यापकांनी नारळ फोडला, खाऱ्या हवेनं गंजू नये म्हणून जुन्या लुगड्याचं झाकण शिवून घेतलं, आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं की हा कुणी विद्वान पंडित नव्हे, नुसता दांडगा गडी आहे. सांगाल तेवढंच करणार आणि बटण बंद केलं की सगळं विसरणार. पन्नास मुलांच्या गुणांची सरासरी हवी असेल तर सरासरी म्हणजे काय, हे त्याला दहा-बारा ओळींत समजावून द्यायचं. दुसऱ्या दिवशी पावसाच्या आकड्यांची सरासरी हवी झाली की पुन्हा त्याच दहा-बारा ओळी.

"ह्यां म्हणजे दर लग्नाक नवो टोप इकत घेतल्यासारख्या झाला," भाई म्हणाले.

भाई म्हणजे तीस वर्षं मालवाहू बोटींवर काढून गावी परतलेला माणूस. शाळेशी त्यांचा संबंध काडीचा नव्हता. बोटीवर कप्तानाच्या खोलीत असलं काहीतरी लुकलुकताना पाहिलेलं, म्हणून पहिल्या दिवशी बघायला आले, दुसऱ्या दिवशी बसले, आणि तिसऱ्या दिवसापासून त्यांच्यासाठी चहाचा एक कप जास्त यायला लागला.

"मग गाव काय करतो, भाई? दर लग्नाला टोप विकत घेतो?" नीरजाबाईंनी विचारलं. नीरजा तिरोडकर शाळेत विज्ञान शिकवायच्या. बोलायच्या कमी आणि बोलल्या की ते लिहून ठेवायच्या.

गाव घेत नाही. गावच्या देवळात भांड्यांची खोली आहे. तिला कडी आहे, कुलूप नाही. आत दोनशे माणसांचा भात शिजेल एवढाले टोप, पराती, झारे, घागरी. कुणाकडे कार्य निघालं की त्यानं न्यावेत. नेताना अप्पांना सांगावं. अप्पा देवळाचे मानकरी, भांड्यांवर नजर त्यांची. परत आणताना घासून आणावं. पोचा आला तर ज्याच्या हातून आला त्यानंच तो काढून आणावा. ऐपत असेल त्यानं एखाद्या भांड्याची भर घालावी, त्यावर नाव कोरावं. पण नाव कोरलं म्हणून भांडं त्याचं होत नाही, आणि दुसऱ्याचं कोरलेलं नाव कुणी घासून काढायचं नाही. फार मागे बाबली नावाच्या एका गृहस्थानं हे केलं होतं. एका टोपावरचं नाव चिंच आणि वाळू लावून घालवलं आणि तिथे आपलं टाकलं. गावानं त्याला काही शिक्षा केली नाही. फक्त त्यानंतर वर्षभर गावात जेवढी कार्यं झाली, तेवढ्या कार्यांची भांडी बाबलीनं घासली.

नीरजाबाईंनी त्याच दुपारी शंभर पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिलं: "यातले काहीही कोणीही उतरून न्यावे. विचारण्याची गरज नाही. सुधारणा सुचल्यास वहीत लिहावी व खाली नाव, तारीख घालावी. पोचा ज्याच्या हातून येईल त्यानेच काढावा. कोणीही कोणाचे नाव घासू नये."

वर्षभरात वही फुगली. सरासरी आली, मधला आकडा काढायची रीत आली, चढत्या क्रमानं लावायची आली. वर्गमूळ भाईंनी लिहिलं. पावसाचा आणि भाताचा काही संबंध आहे का, हे पडताळायची दीड पानाची रीत नीरजाबाईंची. कणकवलीच्या एका शिक्षकांनी सगळी वही उतरून नेली आणि महिन्याभरानं दोन चुका सापडल्याचं पोस्टकार्ड पाठवलं. त्यांचंही नाव चढलं. कॉलेजातले एक प्राध्यापक आले, त्यांनी भाईंचं वर्गमूळ निम्म्या ओळींत बसवलं. भाईंनी दोन दिवस ते ताडून पाहिलं, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बरां केल्यान. माझां वर्गमूळ जरा आडदांडच होता."

ही नावं जायची कुठे? तर यंत्राच्या भाषेत एक सोय असते. ओळीच्या सुरुवातीला 'रेम' लिहिलं की ती ओळ माणसांसाठी. यंत्र ती वाचत नाही, चिखलातला दगड चुकवावा तसं ओलांडून पुढे जातं. तेव्हा प्रत्येक रीतीच्या डोक्यावर रेमच्या दोन-तीन ओळी: कुणी लिहिली, कुणी दुरुस्त केली, वापरताना काय सांभाळावं.

गुरुदास मास्तरांचं नाव मात्र वहीत कुठेच नव्हतं. गणिताचे शिक्षक ते, आणि सबंध वहीत गणित भरलेलं. हे त्यांना खुपायचं. पण ते करणार तरी काय? त्यांना काही सुचेपर्यंत ते कुणीतरी लिहून मोकळं झालेलं असायचं. अक्षर त्यांचं मोत्याच्या दाण्यासारखं, म्हणून पक्की प्रत ते करायचे. म्हणजे वहीतलं प्रत्येक अक्षर त्यांचं आणि एकही ओळ त्यांची नाही.

सगळ्यांत मोठा वाद झाला तो लाभावरून. या यंत्राला दहा घरं बांध म्हटलं की ते अकरा बांधतं: शून्य ते दहा. शून्याचं घर रिकामंच राहायचं. भाईंनी सरासरीची रीत दुरुस्त करताना पहिला आकडा तिथे बसवला.

"भाई, पहिला आकडा एकच्या घरात हवा," मास्तर म्हणाले.

"तुझ्या घरात भात मापतंत तेवां पयली पायली एक म्हणान मोजतंत?"

"नाही. शुभाचं म्हणून 'लाभ' म्हणतात."

"मगे? लाभ, दोन, तीन. पयल्याक कोण एक म्हणता? मशिनीन आयतांच एक घर आदी बांधून ठेवलेला आसा. लाभ थंय बसतलो."

"आणि दुसरा आकडा एकच्या घरात?"

"बसां दी. पावणो इलो काय घरचो माणूस जरा सरकताच."

नीरजाबाई हसल्या आणि म्हणाल्या, चालेल, एक घर वाचतं. पण तशी सूचना रेममध्ये घाला. भाईंनी रोमन अक्षरांत अस्सल मालवणी सूचना घातली: पयलो आकडो शून्याच्या घरात, लाभ म्हणान, इसरा नको. खाली नाव, तारीख. आकडे भरून घ्यायची रीतही भाईंचीच होती, ती बरोबर शून्यापासून भरायची. त्यामुळे कुणाला त्रास काहीच नव्हता.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत परिपत्रक आलं. सावंतवाडीला जिल्ह्याचं प्रदर्शन, त्यात संगणकावर स्वतः काही तयार करणाऱ्या एका शिक्षकाची निवड, आणि पंधरा दिवसांत पुण्याला हजर. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं हे सरकारला कुणी कळवलेलं नसावं. मास्तरांनी परिपत्रक तीनदा वाचलं. 'एका शिक्षकाची' या शब्दांवर त्यांचं बोट जरा जास्त वेळ राहिलं.

त्यांनी वहीतल्या रीती टेपवर घेतल्या आणि नाव दिलं 'गुरुदास गणित संच'. निदान काहीतरी आपलं असावं म्हणून भाईंची भरून घ्यायची रीत काढून स्वतःची घातली. पडद्याभोवती चांदण्यांची चौकट, मधे 'नमस्कार', खाली एक कमळ, आणि मग 'पहिला आकडा सांगा' अशी नम्र विनंती. चौकट झाली, नमस्कार झाला आणि कमळाची तिसरी पाकळी काढताना यंत्रानं सांगितलं, जागा संपली.

आता माणसाला एखादी गोष्ट करायचीच असली की कारण आपणहून चालत येतं. रेमच्या ओळी यंत्र वाचतच नाही. मग त्या कशाला जागा अडवून बसल्यात? मास्तरांनी त्या एकेक करून पुसल्या. पहिलं नाव पुसताना जरा हात अडखळला. दहाव्यानंतर नुसता सराव झाला. चाळीस ओळी गेल्या आणि कमळ पाचही पाकळ्यांनी उमललं.

तपासून पाहिलं नाही असंही नाही. मास्तर गणिताचे होते, ताळा केल्याशिवाय झोपायचे नाहीत. नववी ब चे चाचणीचे गुण भरले, उत्तर कागदावरच्या सरासरीशी ताडलं. दशांशापर्यंत बरोबर. सगळ्यांत कमी गुण: शून्य. तेही बरोबर, कारण हजेरीपटावरची शेवटची मुलगी नर्मदा मामाच्या गावच्या जत्रेला गेली होती, आणि गैरहजर म्हणजे शून्य हा मास्तरांचा बाणा. नीरजाबाई कितीदा म्हणाल्या होत्या, "मास्तर, जी आलीच नाही तिला शून्य कसं पडेल?" पण मास्तर ठाम. त्या शून्यानं आज त्यांचं काय केलं, हे त्यांना अजून कळायचं होतं.

घरी रुक्मिणीनं निकालाची वाट पाहिली नाही. तिच्या मते निकाल ही पुरुषांची अडचण होती. तिनं पाच कोंबड्या शेजारच्या तुळसाच्या खुराड्यात नेऊन सोडल्या.

"सांभाळ हां गो. अंडी तुझी, कोंबड्यो माझ्यो."

"काय एक काळजी करू नको," तुळसा म्हणाली. "पुण्याक जातास तर सावंतवाडीच्या आदल्या दिवशी जेवूक मात्र आमच्याकडे."

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी तुळसानं जेवायला बोलावलं. वडे आणि रस्सा. मास्तर मनातून पुण्यात पोचलेच होते, भूकही पुण्याला जाणाऱ्या माणसाची होती.

"असा पुण्यात खाऊक गावाचा नाय भावोजी, आनी घेवा."

"कोंबडी बरी आसा गो. खंयची?"

"घरचीच," तुळसा म्हणाली.

कुणाच्या घरची, हे विचारायचं मास्तरांना सुचलं नाही. त्यांनी तंगडी मागून घेतली.

सावंतवाडीला मोती तलावाजवळच्या एका मोठ्या दालनात प्रदर्शन मांडलं होतं. नीरजाबाईही आल्या होत्या, मुलींची पवनचक्की घेऊन. खांद्याला झोळी, झोळीत वही. टेप जाईल तिथे वही जाणार, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांनी ती झोळी पाहिली आणि आपलं टेबल दोन खांब पलीकडे मांडून घेतलं.

परीक्षक पाच. त्यांतले प्रमुख विभागाचे मोठे साहेब, सडपातळ, बारीक मिशीचे. प्रत्येक टेबलाशी ते चष्मा काढून पुसत, मग पुन्हा घालून काहीच न बोलता पुढे जात. मास्तरांच्या टेबलाशी थांबले. चौकट उजळली, नमस्कार झाला, कमळ फुललं.

"हे सगळं तुम्ही एकट्यानं केलंत?"

"हो, सर." मास्तरांनी शर्टाची बाही सरळ केली. "एकट्यानं."

"किती दिवस लागले?"

"वर्ष," मास्तर म्हणाले. वर्ष लागलं होतं हे खरंच होतं. कुणाला लागलं, एवढंच त्यांनी सांगितलं नाही.

साहेब पहिल्यांदाच हसले. "चालवून दाखवा मग. कोणते आकडे देऊ? आमची वयंच घ्या."

बाकीच्या परीक्षकांत खसखस पिकली. एक बावन्न, दुसरे सत्तेचाळीस. तिसऱ्या बाई होत्या. त्यांनी इकडेतिकडे बघून "एकोणचाळीस" असं इतक्या हळू सांगितलं की मास्तरांना कान पुढे करावा लागला. चौथे चव्वेचाळीस. शेवटी साहेब, "सत्तावन्न. अजून दोन महिने. मग निवृत्त."

मास्तरांनी आकडे भरले. कळ दाबली. यंत्रानं क्षणभर विचार केला आणि चांदण्यांच्या चौकटीत उत्तर आलं.

सरासरी वय: ३६.४. सर्वांत लहान: ०.

पाचही परीक्षक पडद्याकडे बघत राहिले. बावन्नवाले सगळ्यांत आधी सावरले. "छत्तीस! मला तरी मंजूर आहे."

"पण आमच्यात शून्य वर्षांचं कोण आहे?" चव्वेचाळीसवाल्यांनी विचारलं आणि सगळ्यांनी उगीचच बाईंकडे पाहिलं.

"मी एकोणचाळीस सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "एवढं कमी करायला सांगितलं नव्हतं."

मास्तरांनी पुन्हा भरलं. पुन्हा छत्तीस पूर्णांक चार, पुन्हा शून्य. दोन खांबांपलीकडून नीरजाबाई आल्या ते त्यांना दिसलंही नाही, दिसलं तेव्हा हायस्कूल, परीक्षक, शुद्ध बोलणं सगळं विसरून ते म्हणाले, "बाई, ह्यां शून्य खंयसून इला?"

नीरजाबाईंनी पडदा बघितला, ओठांत बेरीज केली. "मास्तर, पहिला आकडा कुठे ठेवलात?"

"एकच्या घरात. मग कुठे ठेवायचा?"

"आणि लाभ?"

मास्तरांनी बोटांवर घरं मोजली. रीत शून्याच्या घरापासून मोजत होती. शून्याच्या घरात काहीच नव्हतं, म्हणजे तिथे शून्य. ते धरून पाच मोजले की चौथ्या घराशी पाच पुरे. पाचव्या घरातला माणूस बाहेर. नववी ब च्या वेळी हे कळलं नव्हतं, कारण तिथे पाठीमागचं शून्य पुढे आलं होतं, एवढंच. नर्मदा जत्रेला गेली नसती तर ताळा करतानाच कळलं असतं.

"म्हणजे मला मोजलंच नाही?" साहेब म्हणाले. "सरकारनं अजून दोन महिने मोजायचं कबूल केलंय मला. तुमच्या यंत्रानं आजच वगळलं."

"सर, ती ओळ माझी नाही," मास्तर घाईनं म्हणाले. "ती आमच्या गावातल्या भाईंची आहे. शून्यापासून मोजायचं खूळ त्यांचं. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"आत्ता तर एकट्यानं म्हणालात," साहेब म्हणाले.

मास्तरांनी शर्टाची बाही पुन्हा सरळ केली.

"म्हणजे वर्षभराची मेहनत तुमची," परीक्षक बाई म्हणाल्या, "आणि चूक तेवढी भाईंची?" शून्य वर्षांचा राग अजून गेला नव्हता.

नीरजाबाईंनी झोळीतून वही काढली आणि सरासरीचं पान उघडून साहेबांपुढे धरलं. साहेबांनी चष्मा पुसला. पयलो आकडो शून्याच्या घरात, लाभ म्हणान, इसरा नको. खाली भाईंचं नाव, खाली तारीख. त्यांनी पान उलटलं. पुन्हा उलटलं. कणकवलीच्या शिक्षकांचं पोस्टकार्ड डकवलेलं होतं. प्राध्यापकांनी निम्मं केलेलं वर्गमूळ आणि त्याखाली भाईंचा शेरा, 'बरां केल्यान'. बघता बघता पाचही परीक्षक वहीवर वाकले. कमळाकडे कुणी बघेना.

"हे अक्षर कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

"गुरुदास मास्तरांचं," नीरजाबाई म्हणाल्या.

"अक्षर सुरेख आहे. माझ्या विभागात अशी यंत्रं घेऊन बसलेल्या अकरा शाळा आहेत. सगळे सरासरी स्वतः नव्यानं शोधतायत. यांना हे देता येईल?"

"विचारायला नको, सर. कुणीही उतरून न्यावं."

"पण उतरवणार कोण? अकरा वेळा?"

"पहिल्या पानावर लिहिलंय," नीरजाबाई म्हणाल्या.

साहेबांनी पहिलं पान काढून मोठ्यानं वाचलं. "पोचा ज्याच्या हातून येईल त्यानेच काढावा." मग चष्म्यावरून मास्तरांकडे पाहिलं. बाकीच्या चौघांनीही पाहिलं. मोत्यासारखं अक्षर असणं हाही कधी कधी शाप असतो.

गावात बातमी एस.टी.च्या आधी पोचली. मास्तर दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तर भाई चहाचा कप घेऊन आधीच बसलेले. आता हे काय बोलतील, या धसक्यानं मास्तरांनी चप्पल दाराबाहेर दोनदा काढली.

"मेल्या," भाई म्हणाले, "नाव गाळलंस तां गाळलंस. लाभ कित्याक गाळलंस?"

"जागा नव्हती, भाई."

"आनी कमळाक होती?"

मास्तरांनी रूळ घेतला आणि पहिल्या वहीची समासाची रेघ मारायला घेतली.

अकरा वह्यांना अडीच महिने लागले. चाळीसच्या चाळीस रेमच्या ओळी अकरा वेळा, म्हणजे जी नावं एकदा पुसली ती चारशे चाळीस ओळींत परत लिहिली. देवळाच्या पायरीवर अप्पांनी त्यांना अडवून एकदा विचारलंही, "कितवी?"

"सातवी."

"बाबलीन वरीसभर भांडी घासल्यान. तुझां अकरांत भागला. शिकलेल्या माणसाक सवलत असताच."

सातव्या वहीच्या सुमाराला नीरजाबाईंनी एक गोष्ट मास्तरांच्या लक्षात आणून दिली. नियम असा की चूक ज्याला सापडेल त्यानं ती लिहावी आणि खाली नाव घालावं. ती चूक, म्हणजे भरायची रीत बदलली तर काय होतं ते, सगळ्यांत आधी सापडली कुणाला? चांगल्या पाच साक्षीदारांसमोर?

मास्तरांनी बराच वेळ टाकाचं टोक पुसलं. मग मूळ वहीत, भाईंच्या सूचनेखाली, अतिशय सुबक अक्षरांत लिहिलं: "स्वतःची भरणी वापरणाऱ्याने पहिला आकडा शून्याच्या घरातच ठेवावा. न ठेवल्यास शेवटचा माणूस मोजला जात नाही व परीक्षकाचे वय शून्य येते. गु. हिंदळेकर." आणि तारीख. हे त्यांचं वहीतलं पहिलं नाव. ते त्यांनी अकरा वह्यांत अकरा वेळा उतरवलं. ते उतरवताना त्यांना कंटाळा आला नाही, असं नीरजाबाईंनी पाहिलं. तेव्हा त्या होत्याही फक्त सुट्टीपुरत्या आलेल्या. कारण पुण्याला त्यांचं नाव गेलं होतं. साहेबांनी त्याच दिवशी सावंतवाडीला फॉर्मवर लिहिलं. नीरजाबाईंनी मागितलं नव्हतं, पण दोन मिनिटांत लाभ शोधून काढणारं माणूस दुसरं कुणी नव्हतं. पुण्याला निघताना त्या म्हणाल्या, "वही उघडी ठेवा मास्तर. आणि गैरहजराला शून्य देऊ नका." विज्ञानाचे तास कुणीतरी घ्यायला हवेत, तर मुख्याध्यापकांनी ते गणिताला जोडले. नववी ब होतीच. आठवी अ नवी.

राहता राहिलं घर. सावंतवाडीहून मास्तर परतले त्याच संध्याकाळी रुक्मिणी तुळसाच्या खुराड्यापाशी गेली होती. गेली तशी हात हलवत नव्हे, कोंबड्या आणायला पाटी घेऊन. परत आली आणि अंगणात कोंबड्या सोडत मोजायला लागली.

"लाभ… दोन… तीन… चार."

मास्तर ओट्यावर बसून ऐकत होते. त्या दिवशी त्यांना कुणी काही मोजलं की धडकीच भरत होती. "पाचवी?"

"पाचवी तुमी खाल्ल्यात."

"मी? खंय?"

"तुळसाच्या घराक. आनी तंगडी मागान घेतल्यात."

कुंपणापलीकडून तुळसाचा आवाज आला. ती ऐकत असणारच. "अंडी माझी, कोंबड्यो तुझ्यो, असा तूच म्हणलंस मां गो? जेवाण तुमच्यासाठी. मगे कोंबडी तुमचीच नको?"

या युक्तिवादात चूक काढायचा मास्तरांनी प्रयत्न करून पाहिला. सापडली नाही.

तेव्हा ताळा असा. पुणं नीरजाबाईंना, आणि रुक्मिणीच्या बहिणीच्या गल्लीत नाही तर चांगलं दोन मैल लांब. मास्तरांना पुण्याऐवजी आठवी अ, अकरा वह्या, आणि एक नाव, तेही पोचा काढल्याच्या जागी. मे महिन्यात साडू आले, आंबा खाल्ला, विजेचं विचारलं. मास्तरांनी "असते हो" एवढंच सांगितलं. भाईंचं काही गेलं नाही, उलट अकरा शाळांत त्यांचं मालवणी पोचलं. साहेब सरकारच्या मोजणीप्रमाणे बरोबर दोन महिन्यांनी निवृत्त झाले. प्रत्येकाला थोडं मिळालं, थोडं गेलं. बेरीज-वजाबाकी जवळपास जुळते. एकच नोंद कुठे बसत नाही. जिनं वहीतलं काही उतरून नेलं नव्हतं, काही गाळलं नव्हतं, जिला पुण्याला जायचं नव्हतं आणि सावंतवाडीलाही नव्हतं, ती पाचवी कोंबडी. पुण्याचं सगळं मोल तिनं एकटीनं दिलं, आणि तेही एक दिवस आधी.